तक्रार धर्मप्रांताकडे की पोलिसांत?

फोंड्यातल्या एका ताईंनी विचारलं: मुलाने फादरांकडून लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, तर आधी जायचं कुठे?

अधिकार बघा. धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग, प्राथमिक चौकशी करतो, फादरांना कामापासून दूर ठेवतो, प्रकरण रोमला कळवतो; शेवटी पाद्रीपदही जाऊ शकतं. अटक मात्र पोलीसच करतात. पोपच्या २०१९ च्या नियमांनी फादर-सिस्टरांवर वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं, पण त्याने देशाचा कायदा बाजूला पडत नाही. २०१२ च्या पॉक्सोनुसार, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना सांगायचंच. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर वर्षापर्यंत कैद.

पोलीस ठाण्याची धास्ती मला समजते. पण मुलाचा जबाब घरीच घेता येतो, घेणारे अधिकारी गणवेशात नसतात, आई किंवा वडील शेजारी बसतात. मुलाची ओळख छापायला बंदी आहे. खर्च दोन्हीकडे नाही.

मूल आज धोक्यात असेल, तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) वर फोन करा, आत्ताच. फादरांचं पदही जावं असं वाटत असेल, तर गुन्हा नोंदवून मग धर्मप्रांताला लेखी कळवा आणि पोच घ्या. आरोपी फादर हयात नसतील आणि समुपदेशनाचा आधार हवा असेल, तर थेट धर्मप्रांताकडे मागा.