कुत्र्याचं कोरडं खाणं: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

आमची भुरी गावठी, पाच वर्षांची, अंगापिंडाने मध्यम. मेच्या अखेरीपासून तिला एकाच कंपनीचं कोरडं डॉगफूड चालू आहे आणि आता थंडी पडायला लागली. म्हणजे चिपळूणचा अख्खा पावसाळा या खाण्यावर निघाला. कोकणात डाळ, पापड, मसाला, सगळ्याची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात होते, म्हणून पावसाळा संपल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. कंपनीचं नाव देत नाही. पुढे तक्रारीही आहेत, आणि जे सांगायचं आहे ते कुठल्याही बॅगेला लागू पडतं.

नेहमीचे प्रश्न आधी उरकते. भुरी आवडीने खाते. शी घट्ट होते, पोट बिघडलेलं नाही, वजन स्थिर आहे. केस गळतात, पण पावसाळ्यात ते सगळ्याच कुत्र्यांचे गळतात, त्यामुळे त्याचा दोष किंवा श्रेय मी खाण्याला देणार नाही. दाणे मध्यम आकाराचे, दाढेखाली कडकन फुटणारे. किंमत मधली.

आम्ही खाणं बदललं ते मात्र चवीसाठी नाही. आधीचं खाणं बाजारातल्या एका दुकानातून सुटं यायचं, मोठ्या उघड्या गोणीतून किलोवर मोजून. इथे बहुतेक घरांत तसंच येतं. एप्रिलमध्ये भुरीने खाणं टाकलं, दोनदा उलटी केली, आणि एरवी फाटक वाजलं की धावणारी ती पायरीवर नुसती पडून राहायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, चांगलंच वाढलेलं. औषधं सुरू झाली, जुनं खाणं बंद झालं, पेज आणि उकडलेल्या कोंबडीवर ती हळूहळू सावरली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "खाण्याच्या बॅगेवरचा बॅच नंबर आहे का?" सुट्या खाण्याला कुठला नंबर? दुकानदाराकडे गेले तर ती गोणी संपून तिसरी उघडलेली. "वहिनी, सगळेच नेतात, कुणाची तक्रार नाही." कंपनीचा फोन लावला तर टेप वाजत राहिली. तेव्हा त्या खाण्यानेच ती आजारी पडली हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण ते तपासायची वाटच बंद होती, याचा मला आजही राग आहे.

डॉक्टरांना संशय होता अफ्लाटॉक्सिनचा. मका, शेंगदाणा, सरकी यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती हे विष सोडते. माल ओला राहिला, कोंदट जागी पडला की धोका वाढतो. डॉगफूडचे दाणे अशाच मालातून कारखान्यात वाफेवर शिजवून, दाबून काढतात. त्या उष्णतेत बुरशी मरते, विष बरंचसं तसंच राहतं. त्याला रंग नाही, वास नाही. शिवाय ते ढिगात सारखं पसरत नाही. एका कोपऱ्यात भरपूर, बाकी ढीग स्वच्छ, असंही होतं. म्हणून एक मूठ तपासून पूर्ण ट्रकची खात्री देता येत नाही. माणूस आज भात, उद्या भाकरी खातो. कुत्रा दोन्ही वेळेला त्याच बॅगेतलं खातो, त्यामुळे बॅग वाईट निघाली तर रोज तेच विष यकृतात जात राहतं.

हे किती भयंकर होऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मिडवेस्टर्न पेट फूड्स कंपनीने स्पोर्टमिक्स नावाच्या खाण्याच्या काही बॅचेस परत मागवल्या. कारखाना ओक्लाहोमातला. तिथे किलोमागे २० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे आणि काही नमुन्यांत ५५८ पर्यंत आकडा निघाला. जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून जास्त प्राणी दगावल्याच्या आणि २१० हून जास्त आजारी पडल्याच्या नोंदी तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे झाल्या होत्या. त्यांनी सांगितलेली लक्षणं प्रत्येक कुत्रेवाल्याने पाठ करावीत: सुस्ती, खाणं टाकणं, उलट्या, जुलाब, आणि डोळे किंवा हिरड्या पिवळ्या पडणं. यकृत बिघडलेलं असूनही काही कुत्री वरून ठणठणीत दिसतात, म्हणून संशय आला तर रक्त तपासायलाच हवं.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, हे सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी कुत्री भाकरतुकड्यावर जगायची. हे डबाबंद आणतेसच कशाला?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण अर्ध्याहून जास्त घरं तसंच मानतात. पण १९७४ चं उदाहरण त्यांना वाचून दाखवलं. त्या वर्षी गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला, बुरशीला आला, आणि तोच मका रोज खाऊन गरीब आदिवासी घरांत कावीळ पसरली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ माणसं गेली. त्याच घरांतली, तीच भाकरी खाणारी कुत्रीही पोटात पाणी होऊन मेली. कुठली कंपनी नाही, कुठली बॅग नाही, घरचंच धान्य. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माणसाचं आणि कुत्र्याचं वेगळं नाहीच."

नाहीच. म्हणून नवीन खाणं निवडताना मी चव, रंग, जाहिरात बाजूला ठेवून कंपनी उत्तर देते का तेच बघितलं. बॅगेच्या मागे, शिलाईजवळ, बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना ठळक छापलेला आहे. कारखान्याचा पत्ता आहे. फोन माणसाने उचलला. मी बॅच नंबर सांगून अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल मागितला. पलीकडच्या मुलीला हा प्रश्न नवीन असावा, पण तिने टाळलं नाही आणि आठवड्याभरात मेलवर अहवाल आला: एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा, नमुना घेतल्याची तारीख, आमच्याच बॅगेचा नंबर, आणि आकडा मर्यादेच्या बराच खाली. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

सप्टेंबरमध्ये मात्र विरस झाला. नव्या बॅगेसाठी तोच प्रश्न विचारला तर "आमची सर्व उत्पादने सुरक्षित आहेत" असं एक छापील प्रमाणपत्र आलं. त्यावर ना बॅच, ना तारीख. दोनदा मेल केली, एकदा फोन केला, तेव्हा कुठे खरा अहवाल हातात पडला. एवढा पाठपुरावा किती जण करतील? अहवाल बॅच नंबर टाकून कंपनीच्या साइटवरच बघता यायला हवा, हे मी त्यांना लेखी कळवलं आहे. अजून उत्तर नाही.

आता साठवण. हे थोडं सविस्तर सांगते, कारण कोकणात अर्धी लढाई इथे आहे. आम्ही दहा किलोची बॅग आणत होतो. बॅग आतून चकचकीत, पण तोंडाला झिप नाही, ही या कंपनीची मोठी उणीव. ऑगस्टच्या मध्यावर, बॅग निम्मी झालेली असताना, दाण्यांना जुन्या तेलासारखा खवट वास यायला लागला. दाणा मोडून पाहिला तर आतून कोरडाच होता, बुरशी दिसली नाही. वरची चरबी हवेने खवट झाली होती. उरलेलं खाणं फेकून दिलं. तेव्हापासून तीन किलोची बॅग आणते. किलोमागे महाग पडते, पण ती उघडल्यापासून दोन-तीन आठवड्यांत संपते. बॅग आहे तशी, तोंड गुंडाळून, चिमटा लावून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. दाणे डब्यात ओतत नाही, कारण डब्याच्या कडांना जुनी चरबी चिकटून राहते आणि बॅच नंबर बॅगेबरोबर कचऱ्यात जातो. बॅग संपली तरी महिनाभर तिचा नंबराचा तुकडा कापून ठेवते. डबा चुलीजवळ नाही, मोरीजवळ तर नाहीच. तळाला भुगा राहतो तो भुरीला घालत नाही.

बॅगेवर प्रथिनं २२ टक्के लिहिलं आहे. या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, कारण प्रयोगशाळा सहसा थेट प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्यावरून हिशेब काढते. २००७ मध्ये याच फटीतून विष आत आलं. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातून काढलेल्या प्रथिनात, मेलामाइन मिसळलं होतं. ते प्लास्टिक उद्योगातलं रसायन, नायट्रोजनने भरलेलं, त्यामुळे हलका माल कागदावर सकस दिसला. मेलामाइन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र आले की मूत्रपिंडात खडे धरतात. मार्च २००७ मध्ये मेन्यू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने सहा कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं परत मागवली. शंभराच्या आसपास ब्रँड, स्वस्त आणि महागडे दोन्ही, आणि बनवणारी कंपनी एकच. म्हणून बॅगेवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात "निर्माता" कोण आहे ते वाचा. दोन वेगळ्या किमतींच्या बॅगांवर तोच पत्ता मलाही आपल्या बाजारात दिसला आहे.

आणि हे फक्त कुत्र्यामांजरांचं दुखणं समजू नका. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत सापडलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं गेली. भारताने त्याच सप्टेंबरमध्ये चिनी दुग्धपदार्थांची आयात बंद केली. एक वर्ष आधी मेलेल्या कुत्र्यामांजरांकडे सगळ्यांनी नीट पाहिलं असतं तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेने निदान २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राण्यांचं अन्नही घेतलं आणि माल सक्तीने परत मागवायचा अधिकार सरकारला दिला.

आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात "अन्न" म्हणजे माणसाने खायचं ते. पशुखाद्य व्याख्येतच वगळलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्यामांजरांच्या खाण्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण मी पाहिलेल्या एकाही बॅगेवर आयएसआयची खूण नव्हती. ग्राहक म्हणून मात्र आपण अगदीच रिकाम्या हाताचे नाही. निर्मात्याचं नाव-पत्ता, महिना, वजन, किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापणं पॅकबंद मालावर बंधनकारक आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर डॉगफूडचीही तक्रार घेतात. बिल, बॅगेचा फोटो आणि मूठभर दाणे बंद पिशवीत ठेवलेले असले तर बोलायला आधार मिळतो.

भुरीची रक्ततपासणी जुलैत आणि नोव्हेंबरमध्ये केली, दोन्ही वेळा यकृत व्यवस्थित. तेव्हा घ्यावं की नाही? माझं मत: घ्या, पण तीनच किलोची बॅग घ्या, शिलाईवर छापलेला महिना बघून घ्या, आणि घरी आणल्यावर पहिली मेल अहवालासाठी टाका. पाचपैकी साडेतीन देते. झिप आली तर चार. अहवाल साइटवर आले तर साडेचार. सुटं मात्र, कुठल्याही कंपनीचं असो, कितीही स्वस्त असो, आणू नका.