माहितीची पुस्तकं आणि तीन रकान्यांचा तक्ता: काही महिन्यांच्या वापरानंतर

काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, वाचल्यावर काय कळलं, असा तीन रकान्यांचा तक्ता डॉना ओगल यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षकांसाठी मांडला. पाच ते आठ वर्षांच्या मुलांच्या वाचनकट्ट्यावर मराठी माहितीपुस्तकांसोबत तो गेले काही महिने वापरात आहे. तक्ता उपयोगी आहे, पण एवढ्या लहान मुलांना तो जसाच्या तसा झेपत नाही.

सामान किरकोळ: भिंतीवर लावायचा मोठा कागद, दोन रंगांचे स्केचपेन, एक भिंग. पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सगळ्यात सोयीचं. मराठी पुस्तकं मोफत उतरवता येतात आणि वाचनपातळीनुसार निवडता येतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना दुसरी पातळी पुरते. आठ वर्षांच्या मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक काढावेत. एका बैठकीला पंचवीस मिनिटं आणि सहा-आठ मुलं. त्यापुढे चुळबुळ सुरू होते, मग पुस्तक अर्धं राहिलं तरी मिटावं.

पहिली अडचण दुसऱ्या रकान्यात येते. मुखपृष्ठ दाखवून ‘काय विचारायचंय?’ म्हटलं की सगळे गप्प. ज्या विषयाची काहीच ओळख नाही, त्याबद्दल प्रश्न पडणार कुठून? म्हणून आधी तीन-चार मिनिटं नुसती चित्रं पाहायची, चित्राखालच्या ओळी कागदाच्या पट्टीने झाकून. ‘काय दिसतंय? कशावरून म्हणतोस?’ एवढंच विचारायचं. ‘असं का होतं?’ हा प्रश्न या टप्प्यावर टाळलेला बरा, कारण मुलं लगेच एखादं कारण रचून मोकळी होतात. ‘कशावरून’ म्हटलं की बोट चित्राकडे जातं. त्यानंतर पट्टी काढायची आणि मग प्रश्न लिहून घ्यायचे.

पहिल्या रकान्यात मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. पालकांना आणि शिक्षकांना सगळ्यात जड जातं ते हेच. ‘वटवाघूळ पक्षी आहे’ असं मूल म्हणालं की मोठ्यांचा हात दुरुस्तीला शिवशिवतो. दुरुस्त केलंत तर पुढची सगळी वाक्यं तुमच्या चेहऱ्याकडे बघून येतील. त्याऐवजी प्रत्येक वाक्यापुढे खूण करून घ्यावी: ठाम, बहुतेक की अंदाज. वाचून झाल्यावर ठामची खूण स्वतःच्या हाताने बदलायला लागणं, हा या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग.

चौथा रकाना आमची भर: ‘अजून पटलं नाही’. याचा एक दुष्परिणाम ठरलेला. सुरुवातीला मुलांना हा खेळ वाटतो आणि सगळंच पटेनासं होतं. त्यावर नियम एकच: पटलं नाही तर कारण सांगायचं, आणि काय दिसलं तर पटेल तेही सांगायचं.

हा रकाना खरा कामाला येतो तो बियांच्या पुस्तकाला. ‘झाडाला ऊन लागतं’ असं वाचलेलं असतं, त्यामुळे बी रुजायलाही ऊन लागतं असं बहुतेक मुलं ठाम लिहितात. चार वाट्या घ्या, प्रत्येकीत दहा अख्खे मूग. एक वाटी कोरडी. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मुगांची, कपाटात. तिसरीतले मूग तशाच ओल्या फडक्यावर पसरून खिडकीत, पण थेट उन्हात नको. चौथीत मूग पूर्ण बुडतील एवढं पाणी. साधारण दोन दिवसांत कपाटातल्या मुगांना मोड येतात आणि वर्गात गलका होतो. बुडालेले मूग फुगतात, एखाद्याला टोकही दिसतं, पण हवा मिळत नसल्याने पुढे वाढत नाहीत आणि वास मारू लागतात.

बिघडतं ते खिडकीतल्या वाटीत. वाऱ्याने फडकं वाळतं, मोड येत नाहीत, आणि मुलं निष्कर्ष काढतात की उजेडात बी रुजतच नाही! हा घोटाळा लपवू नका, प्रयोगाइतकाच तो कामाचा आहे. दोन्ही फडक्यांना हात लावून बघायला सांगा. फरक उजेडाचा की ओलीचा? मग दोन्हीकडे सकाळ-संध्याकाळ मोजून तेवढेच चमचे पाणी शिंपडून प्रयोग पुन्हा लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सात वर्षांच्या मुलांना इथे न सांगता कळतं. वाट्या आणखी चार-पाच दिवस ठेवल्या तर कपाटातले मोड लांबुडके आणि फिकट पिवळे होतात, खिडकीतले आखूड आणि हिरवे. पुस्तकातलं वाक्यही खरंच होतं, फक्त ते रुजण्याबद्दल नव्हतं, पुढच्या वाढीबद्दल होतं.

छापलेलं सगळं खरं, हा समज सोडवायला ग्रहांची पुस्तकं उत्तम. एक जुनं आणि एक नवं पुस्तक शेजारी ठेवा. जुन्यात ग्रह नऊ, नव्यात आठ, कारण २००६ मध्ये प्लूटोला बटुग्रहांच्या गटात टाकलं. शनीचे ज्ञात चंद्र २०१९ मध्ये ८२ होते, मार्च २०२५ मध्ये २७४ झाले. यानंतर मुलं आपणहून आतल्या पानावर छपाईचं वर्ष शोधायला लागतात. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त पुस्तकांत ते नसतंच. आमच्या मते वर्ष नसेल तर ते पुस्तक घेऊ नये.

खरेदीत आणखी दोन गोष्टी बघा. एक, चित्रांना मापाचा आधार आहे का. मुंगी आणि बेडूक एकाच आकाराचे छापलेले असतील तर लहान मुलं तेच धरून चालतात. दुसरं, ‘मी मुंगीताई’ छापाची पुस्तकं. पाच वर्षांच्या मुलाला त्यातली माहिती कुठली आणि गोष्ट कुठली ते वेगळं काढता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला ही नकोतच. सात वर्षांपुढे मात्र ती वेगळी काढायला देणं हाच चांगला सराव.

सापांचं पुस्तक नागपंचमीच्या आसपास घेतलंत तर जपून. ‘नाग दूध पितो, आजीने पाहिलंय’ हे वाक्य येणारच, ठामच्या खुणेसह. आजीला खोटं पाडण्यात काही हशील नाही. सापाचं अन्न दूध नव्हे, पण बरेच दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पिऊ शकतो. म्हणजे आजीला दिसलं ते खरं असू शकतं, कारण वेगळं. पाहिलेलं आणि त्यावरून ठरवलेलं, हे दोन रंगांत लिहून घ्यावं.

पाच वर्षांखालच्या मुलांना तक्त्याचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी ओळी झाकून पाहायची चित्रं आणि भिंग पुरे. शेवटच्या पाच मिनिटांत ‘सांगा बरं, किती पाय?’ अशी तोंडी परीक्षा मात्र कुठल्याच वयाला घेऊ नका. घेतलीत तर पुढच्या बैठकीला पहिल्या रकान्यात कोणी अंदाज लिहीत नाही, सगळे पाठ केलेलं सांगतात.