पायाची जुनी जखम: चार थरांची पट्टी की दोन थरांचे मोजे?

व्हेरिकोज व्हेन्समुळे घोट्यावर झालेली जखम नुसत्या मलमांनी भरत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेलच. शिरांच्या झडपा निकामी झाल्या की चालतानाही घोट्यापाशी दाब पुरेसा उतरत नाही. आतून पाणी झिरपत राहतं, आणि वरचं ड्रेसिंग कितीही महागाचं असलं तरी कातडी धरत नाही. म्हणून बाहेरून दाब हवाच, घोट्याशी साधारण 40 मिलिमीटर पारा. तो पट्टीने द्यायचा की मोज्यांनी, एवढाच प्रश्न. (धमन्यांचा डॉपलर, म्हणजे पायापर्यंत रक्त नीट पोचतंय का ते पाहणारी तपासणी, झालाय असं धरून चालतो. नसेल झाला, त्यातून मधुमेह असेल, तर आधी तो करा.)

मी दोन्ही वापरलं. जखम फार वाहत असेल, पाय सुजून बेढब झाला असेल, तर सुरुवात पट्टीनेच करावी. पण पट्टी म्हणजे शेवटी बांधणाऱ्याचा हात. आमच्या नेहमीच्या सिस्टरनी बांधली की आठवडा निघायचा. त्या रजेवर असल्या की दुसऱ्या संध्याकाळीच, दुकानात उभं राहून, पट्टी घसरायची आणि बरोब्बर जखमेच्या वर तिची वळकटी व्हायची. सोडली की पोटरीखाली करंगळी बसेल असा चर, आणि त्याखाली घोटा टम्म. वर चढणाऱ्या रक्ताच्या वाटेत आपणच नाका बसवल्यासारखं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

ब्रिटनमध्ये या दोहोंची मोठी चाचणी झाली, 2014 साली छापून आली. निम्म्या लोकांच्या जखमा भरायला मोज्यांना 99 दिवस लागले, पट्टीला 98. म्हणजे डावं-उजवं काहीच नाही. मोजे मध्येच सोडणारे मात्र जास्त निघाले, आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही. घट्ट मोजा चढवणं सकाळी सकाळी घाम काढतं. रबरी हातमोजे घालून ओढला तर बरंच सोपं जातं.

डॉक्टर झडपा निकामी झालेली शीर लेझरने बंद करायचं म्हणत असतील तर जखम भरेपर्यंत थांबू नका. 2018च्या चाचणीत गळकी शीर लवकर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, थांबलेल्यांपैकी निम्म्यांच्या 82.

आणि मोज्यांचं माप सकाळी उठल्या उठल्या द्या. संध्याकाळच्या सुजलेल्या पायावर घेतलेला मोजा पुढे ढिला पडतो.