लिहा, माणसं आणा, कमवा

गिरगावबद्दल मी बऱ्याच वर्षांपासून लिहिते. मुगभाटातली पिठाची गिरणी, ठाकूरद्वारचे भाजीवाले, खोताच्या वाडीतले लाकडी जिने. फेसबुकवर टाकलं की ओळखीतली माणसं वाचायची. भिशीतल्या एका वहिनींनी सांगितलं, "ताई, तुमचं लिखाण फुकट चाललंय. ब्लॉकचेनवरचं मराठी ॲप आलंय, तिथे लिहिण्याचे पैसे मिळतात." ब्लॉकचेन म्हणजे व्यवहारांची उघड नोंदवही, साखळीसारखी जोडत जाणारी आणि अनेक संगणकांवर ठेवलेली. दादरला स्टेशनजवळच्या हॉलमध्ये या ॲपची सभा होती, तिथे आम्ही दोघी गेलो. आज माझे पासष्ट हजार गेले आहेत आणि वहिनींचे त्याहून जास्त.

सभेत सांगितलेलं निम्मं अगदी खरं होतं, आणि त्यामुळेच ते पटलं. स्टीमिट नावाचं व्यासपीठ २०१६ मध्ये सुरू झालं. तिथे लेखाला मतं मिळतात आणि सात दिवसांनी त्यांचा मोबदला टोकनमध्ये, म्हणजे तिथल्या डिजिटल नाण्यांत, जमा होतो. मार्च २०२० मध्ये मालकीच्या वादातून तिथली बरीच मंडळी वेगळी झाली आणि त्यांनी हाइव्ह नावाची स्वतंत्र साखळी काढली. दोन्हीकडे ज्याने टोकन जास्त अडकवून ठेवले (त्याला 'पॉवर' म्हणतात), त्याच्या मताला वजन जास्त. त्यामुळे नवीन माणसाला सुरुवातीला फारसं काही मिळत नाही आणि कंटाळून बरेच जण निघून जातात. नवीन लोक आणायचे कसे आणि टिकवायचे कसे, हा त्या जगातला खरोखरचा अवघड प्रश्न आहे.

आमच्या सभेतल्या 'सरां'कडे त्याचं उत्तर तयार होतं. "आपल्याकडे कोणी सोडून जात नाही," ते म्हणाले. खातं चालू करायला ४,९९९ रुपये. वर 'पॉवर' घेतली तर रोजचे पॉइंट वाढणार. आपण आणलेल्या माणसाने पैसे भरले की त्यातला हिस्सा आपल्याला, त्याने आणखी कोणाला आणलं तर त्यातलाही, असं पाच पातळ्यांपर्यंत. भिंतीवर कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं आणि पुनःपुन्हा 'सरकारमान्य' म्हटलं जात होतं. कंपनीची नोंदणी कोणीही करू शकतं. लोकांकडून पैसे गोळा करण्याची ती परवानगी नव्हे, हे मला नंतर सायबर पोलिसांकडून कळलं.

ॲप दिसायला सुंदर होतं. रोज उघडलं की हजेरीचा पॉइंट, दहा जणांच्या लेखांवर प्रतिक्रिया दिल्या की आणखी पॉइंट. एक दिवस चुकला तर जमलेली मालिका शून्यावर. एकदा सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये गिरणीवरचा लेख लिहीत होते. गर्दीत धक्का लागला आणि लेख अर्धवटच प्रसिद्ध झाला. "पहाटे गिरणीचा पट्टा सुरू झाला की" एवढंच वाक्य. दादर येईपर्यंत खाली प्रतिक्रियांची रांग लागली होती. 'अप्रतिम शेवट.' 'ताई, डोळ्यांत पाणी आलं.' 'सलाम तुमच्या लेखणीला.' मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तिथे कोणीच काही वाचत नव्हतं. लिहिणारे सगळे आणि वाचणारा एकही नाही, मग पॉइंटना किंमत कशामुळे येणार? नव्या माणसाने भरलेल्या रकमेशिवाय त्या ॲपमध्ये बाहेरून एक रुपयाही येत नव्हता. भिशीत निदान प्रत्येकीची पाळी येते आणि किती हप्ते उरलेत ते सगळ्यांना ठाऊक असतं. इथे पाळी फक्त वर बसलेल्यांची होती.

मी पैसे काढायला गेले. 'काढा' हे बटण दाबलं की 'विनंती रांगेत आहे' असं यायचं. विचारलं तर सर म्हणाले, "ब्लॉकचेन आहे ताई, तेरा आठवडे लागतातच. हाइव्हवरही तेच आहे." इथे नीट लक्ष द्या, कारण हेच उत्तर अनेकांना दिलं गेलंय. हाइव्हवर अडकवलेली पॉवर सोडवायला तेरा आठवडे लागतात हे खरं. पण तिथे दर आठवड्याला एक हप्ता, म्हणजे साधारण तेरावा भाग, हातात येतो आणि पहिला हप्ता आठवड्याभरातच मिळतो. आमच्याकडे शेवटपर्यंत काहीच आलं नाही आणि तेरा आठवडे संपल्यावर 'टोकन नवीन साखळीवर हलवतोय' म्हणून मुदत पुन्हा वाढली.

माझ्या भाच्याने दोन गोष्टी विचारल्या. मावशी, तुझ्या किल्ल्या कुठे आहेत? आणि तुझा व्यवहार साखळीवर कुठे दिसतो? खऱ्या साखळीवर खातं काढलं की लांबलचक किल्ल्या, म्हणजे गुप्त पासवर्ड, आपल्या हातात येतात, लेख टाकण्याची वेगळी आणि पैसे हलवण्याची वेगळी. त्या आपणच जपायच्या. प्रत्येक देवाणघेवाण उघड असते, एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, कोणालाही पाहता येते. हाइव्हवर तर कोणी जुना सभासदही नव्याला खातं काढून देऊ शकतो, मग खिशातून काही जात नाही. आमच्या ॲपमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपी, बस. किल्ली नाही, एक्सप्लोरर नाही. स्क्रीनवरचे माझे 'टोकन' म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर लिहिलेला एक आकडा होता.

शेवटचा घाव कराच्या नावाने घातला. "तुमची रक्कम मंजूर झाली, पण सरकारचा तीस टक्के कर आधी भरावा लागेल," असा मेसेज आला, सोबत एक यूपीआय आयडी. त्यातला आकडाही खराच. आभासी मालमत्तेच्या, म्हणजे अशा टोकनच्या, नफ्यावर एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे आणि जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. पण टीडीएस मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो आणि उरलेला कर आपण थेट आयकर खात्याकडे आपल्या पॅनवर भरतो. कोणा खासगी माणसाच्या यूपीआयवर कर जमा होत नाही. वहिनींनी त्यासाठी बांगड्या गहाण ठेवल्या. ज्यांनी त्यांना हे करायला लावलं त्यांना मी माफ करणार नाही.

वहिनींनी पैसे पाठवल्याचं कळताच भाच्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय आयडी एवढं विचारतात, तयार ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोहोचली तर बँक ती रोखून धरू शकते. वहिनींची कराची रक्कम तशी अडली आहे. माझे आधीचे पैसे मात्र केव्हाच पुढे सरकले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवली. सायबर पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी आमच्याकडून सगळ्यात आधी मागितला तो पाच पातळ्यांच्या हिश्श्याचा स्क्रीनशॉट. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर १९७८ पासून केंद्राचा बंदी कायदा आहे, ब्लॉकचेन म्हटल्याने तो लागू व्हायचा थांबत नाही.

दादरच्या सभेला आलेल्या, आणि नंतर ठाणे, कल्याण, वसईहून ऑनलाइन जोडलेल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ॲप अजून चालू आहे तोवर आपल्या खात्याचे, पातळ्यांचे आणि 'रांगेत आहे' या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. बँकेचं स्टेटमेंट घ्या. तुम्हाला जिने किंवा ज्याने आणलं, त्यांच्याशी भांडू नका, त्यांना सोबत घेऊन तक्रार करा, कारण पैसे वर कोणाकडे गेले हे त्यांच्याच फोनमध्ये सापडेल. वहिनी आणि मी एकत्रच जबाब दिला.