होडोकू: अंदाज न मारता अवघड सुडोकू सोडवायचं असेल तर

पेपरातलं रोजचं सुडोकू सहज सुटायला लागलं की पुढे गाडी अडते ती एका ठरावीक जागी. एकच आकडा बसू शकेल अशी घरं भरून होतात, जोड्या शोधून होतात आणि मग काहीच हलत नाही. मी वापरलेली बरीचशी ॲप अशा वेळी हिंट म्हणून सरळ एका घरात आकडा भरून देतात. तो आकडा तिथेच का, हे कळत नाही आणि पुढच्या कोड्यात आपण पुन्हा तिथेच अडकतो. म्हणून मी होडोकूकडे वळले आणि गेले काही महिने अवघड सुडोकू त्यावरच सोडवते आहे.

होडोकू हा बर्नहार्ड होबिगर यांनी जावा या संगणकभाषेत लिहिलेला, फुकट मिळणारा संगणकावरचा प्रोग्रॅम. त्याची खरी करामत हिंटमध्ये आहे. पहिल्या पायरीला तो फक्त युक्तीचं नाव सांगतो, उदाहरणार्थ 'एक्स-विंग'. कुठे, ते आपण शोधायचं. नाहीच सापडलं तर दुसरी हिंट थोडं अधिक सांगते आणि त्यानंतरच घरं रंगवून पूर्ण पायरी दाखवते. मी शक्यतो पहिल्या हिंटवर थांबते. नुसतं नाव कळलं तरी नजर कशी फिरवायची ते कळतं.

दुसरी आवडलेली सोय म्हणजे एका आकड्याचा फिल्टर. ४ निवडला की ४ जिथे जिथे बसू शकतो ती घरं हिरवी होतात. समजा तिसऱ्या आडव्या ओळीत ४ फक्त दुसऱ्या आणि सातव्या उभ्या ओळीत बसू शकतो, आणि आठव्या आडव्या ओळीतही याच दोन जागा आहेत. तिसऱ्या ओळीतला ४ डावीकडे गेला तर आठव्यातला उजवीकडे जाणार, नाहीतर उलट. काहीही झालं तरी या दोन्ही उभ्या ओळींचा ४ इथेच खर्ची पडणार. म्हणजे त्या उभ्या ओळींतल्या बाकी सगळ्या घरांतून ४ खोडता येतो. हीच एक्स-विंग. कागदावर हा चौकोन बारीक आकड्यांच्या गर्दीत हरवतो. इथे तो समोर उभा राहतो.

एक्सवाय-विंग डोळ्यात भरायला मला जास्त वेळ लागला, पण आता ती सगळ्यात लाडकी. मधल्या घरात २ किंवा ५. त्याच आडव्या ओळीत पहिल्या घरात २ किंवा ८. मधल्या घराच्याच उभ्या ओळीत अगदी खाली ५ किंवा ८. मधे २ आला तर डावीकडे ८, मधे ५ आला तर खाली ८. दोनपैकी एका ठिकाणी ८ नक्की, म्हणून दोघांच्याही टप्प्यात येणाऱ्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ८ येऊच शकत नाही. एकही आकडा न भरता केवढी पक्की माहिती हाती लागते!

सेटिंगमध्ये नको त्या युक्त्या बंद करता येतात. मी 'युनिक रेक्टँगल' बंद केली आहे. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी आणि दोनच ३×३ चौकटींत बसणाऱ्या आयताच्या चार कोपऱ्यांत तेच दोन आकडे उरले तर त्यांची अदलाबदल होऊन दोन उत्तरं निघतील, म्हणून तसं होणार नाही, असा तो युक्तिवाद. बरोबर आहे, पण तो कोडं रचणाऱ्याच्या शब्दावर उभा आहे. उत्तर एकच आहे हे मला स्वतः सिद्ध करायचं असतं.

कोड्यांच्या पातळ्या मात्र जपून घ्या. प्रोग्रॅम युक्त्यांवरून गुण देतो, आणि 'हार्ड'मधलं एखादं कोडं एकाच स्पष्ट एक्स-विंगने उलगडतं, तर 'हार्ड'मधलंच दुसरं तासभर घाम काढतं. दिलेले आकडे मोजूनही काही ठरत नाही. एकच उत्तर असण्यासाठी किमान १७ आकडे लागतात, हे २०१२ मध्ये डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या जोरावर दाखवलं. पण १७ आकड्यांची कितीतरी कोडी साध्या युक्त्यांनीच सुटतात. 'एक्स्ट्रीम'मध्ये 'हा आकडा इथे आला तर तो तिथे' अशा तर्काच्या, बाणांनी दाखवलेल्या लांबलचक साखळ्या येतात. तर्क म्हणून त्या निर्दोष आहेत, पण माणसाला त्या डोळ्यांनी सापडाव्यात अशी अपेक्षाच चुकीची वाटते. तिथे मी थांबते.

उणिवाही आहेत. आधी जावा बसवावं लागतं. दिसायला प्रोग्रॅम जुना आहे आणि मदतीचा मजकूर मराठीत नाही. यंत्राने रचलेल्या कोड्यांत निकोली या जपानी कोडी-प्रकाशन संस्थेच्या हाताने रचलेल्या कोड्यांची चव नाही. तिथे पुढची पायरी कुठे सापडावी हे रचणाऱ्याने ठरवलेलं जाणवतं. म्हणून मी बाहेरची कोडी यात भरून सोडवते. रिकाम्या चौकटीत दिलेले आकडे टाकायला फार वेळ लागत नाही.

फोनवर प्रवासात दोन कोडी सोडवायची असतील तर हे घेऊ नका. पण पेपरातलं अवघड सुडोकू अंदाजपंचे भरून सोडवायचा कंटाळा आला असेल, तर याचा सरावाचा विभाग उघडा, एकच युक्ती निवडा आणि आठवडाभर तीच शोधत बसा. एक्स-विंगपासून सुरुवात करा.