तीन वर्षांच्या मुलासह पहिला परदेशप्रवास: दुबई की सिंगापूर?

मुंबईहून लहान मुलाला घेऊन पहिल्यांदाच परदेशी जायचे म्हटले की चर्चा बहुधा दुबई आणि सिंगापूर या दोन नावांपाशी येऊन थांबते. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या समोर ठेवून मात्र हा निर्णय होत नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचे फारसे अप्रूप नसते. हॉटेलच्या लिफ्टची बटणे दाबायला मिळाली तरी त्याची सहल सार्थकी लागते.

पहिला प्रश्न महिन्याचा. मे महिन्याच्या सुट्टीत दुबईचा पारा सहज चाळिशीपार जातो आणि मुलाला घेऊन मॉलबाहेर पडणे अवघड होते, शिवाय मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज ही हिवाळी आकर्षणे उन्हाळ्यात बंद असतात. विषुववृत्ताजवळच्या सिंगापुरात बारा महिने दमट उकाडा असतो, पण मुंबईकर मुलाला तो नवा नाही. नाताळच्या सुट्टीत पारडे फिरते, कारण डिसेंबर हा सिंगापुरात भर पावसाचा, तर दुबईत समुद्रकिनाऱ्यावर निवांत बसण्याचा महिना.

त्याहून महत्त्वाचा, पण सहसा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा म्हणजे मुलाच्या झोपेचे घड्याळ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे घरी सातला उठणारे मूल तिथे साडेपाचलाच टक्क जागे होते आणि हॉटेलची न्याहारी सुरू होईपर्यंत त्याला रमवण्याचे काम आईवडिलांच्या गळ्यात पडते. संध्याकाळी उलट होते: वाळवंटातील सफारीहून नऊला परतताना त्याच्या शरीराच्या हिशेबाने साडेदहा वाजलेले असतात. (वाळूच्या टेकड्यांवरून उसळत जाणारी गाडी या वयाला मुळीच योग्य नाही.) सिंगापूर अडीच तास पुढे असल्याने तिथे मूल साडेनवाला उठते, पण गार्डन्स बाय द बे या उद्यानातला रात्री पावणेआठचा दिव्यांचा खेळ त्याच्या दृष्टीने सव्वापाचचा असतो, त्यामुळे ते शेवटपर्यंत ताजेतवाने राहते. या एका गोष्टीसाठी मी सिंगापूरला झुकते माप देईन.

बाबागाडी घेऊन फिरण्यातही सिंगापूर सरस आहे. तिथे एमआरटीच्या (म्हणजे तिथल्या मेट्रोच्या) स्थानकांवर लिफ्ट असतात आणि उघडी बाबागाडी बसमध्येही नेता येते. ॲपवरून खासगी गाडी मागवल्यास मात्र १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी योग्य आसन असणे बंधनकारक आहे. नेहमीच्या टॅक्सीला यातून सूट आहे. दुबईच्या मेट्रोत स्त्रिया व मुलांसाठी राखीव डबा असतो, ही मोठीच सोय. पण शहर लांबच लांब पसरलेले असल्याने मेट्रोतून उतरल्यावरही बरेच चालावे लागते आणि दुबई मॉलपर्यंतचा वातानुकूलित पादचारी मार्गच सुमारे ८०० मीटरचा आहे. दोन्ही शहरांत मेट्रोमध्ये खाण्यापिण्याला दंड होतो, तेव्हा बिस्किटाचा पुडा गाडीत चढण्यापूर्वीच संपवावा.

खाण्याची चिंता दोन्हीकडे फारशी नाही. सिंगापुरातील लिटल इंडियात किंवा दुबईतील करामा आणि बर दुबई भागात शाकाहारी जेवण सहज मिळते. आजीने प्रेमाने दिलेल्या डब्याकडे मात्र लक्ष द्यावे: खसखस दोन्ही देशांत निषिद्ध असल्याने अनारसे आणि खसखस घातलेले लाडू घरीच ठेवलेले बरे. मुलाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, कारण खोकल्याच्या काही औषधांवर दुबईत कडक निर्बंध आहेत.

खर्चात सिंगापूरची हॉटेले महाग आणि खोल्या लहान. तिकडे जाणारी बरीच विमाने रात्री निघून सकाळी पोहोचतात, पण खोली दुपारीच ताब्यात मिळते. लवकर खोली मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

मूल दोन वर्षांहून लहान असेल, तर मात्र माझे मत दुबईच्या बाजूने पडते. त्याला मांडीवर घेऊन तीन तास निभावतात, सिंगापूरचे साडेपाच तास अंगावर येतात. त्याचा दुसरा वाढदिवस सहलीदरम्यान येत असेल, तर परतीच्या प्रवासासाठी त्याला स्वतंत्र आसनाचे तिकीट काढावे लागते, हे आधीच हिशेबात धरावे.