पुढे खेळावं की गोलात उभं राहावं?

भाची जळगावात हॉकी खेळते. परवा भरीत-पुरी खाताना तिनं विचारलं, "मावशी, गोलमा कोण उभी राही?" मुली कमी, त्यामुळे कोच तिच्याकडे बघतायत. तिला मात्र गोल मारायचेत.

पुढे खेळायचं तर राणी रामपाल डोळ्यापुढे येते. चौदाव्या वर्षी भारताकडून, 2010च्या विश्वचषकात 7 गोल, टोकियो ऑलिम्पिकमध्ये कर्णधार. पण 2024मध्ये निवृत्ती, वय 29. तिची सुरुवातही लवकरची होती म्हणा. सतत धावणं, वाकून चेंडू ओढणं. पाठ आणि गुडघे हिशेब मागतात. वर त्या जागेसाठी रांग मोठी.

गोलकीपरचं गणित उलटं. सविता पुनिया 2011मध्ये संघात आली आणि तिशी ओलांडूनही खेळत राहिली. टोकियोत ऑस्ट्रेलियाला 1-0 हरवलं, तेव्हा गोल गुरजीत कौरचा, पण तो सांभाळला सवितानं. तिला मात्र पक्क्या नोकरीसाठी बरीच वर्षं थांबावं लागलं.

आणि किट! पॅड, किकर (बुटांवर चढवायचं जाड कवच), छातीचं गार्ड, हेल्मेट. स्टिक एका हातात मावते. ही बॅग एसटीत चढवायची म्हणजे कंडक्टरशी आधी बोलणी. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 वर, त्यात हे सगळं चढवायचं. भाचीनं एकदा पॅड बांधून पाहिले, दहा मिनिटांत मोजे पिळून निघाले.

माझं मत गोलाकडे झुकतं. तिनं अजून पॅड परत केलेले नाहीत.